मोठीआईची मोरी

सिंकमधून खाली जाणारं पाणी नुसतं पाणी आहे की भाताची पेज, हे मोठीआई आवाजावरून ओळखायची. प्रताप नगरातल्या आमच्या घरात खाली ती एकटी राहायची आणि वर आम्ही. आमचा पाइप तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून उतरायचा आणि तिच्या मोरीमागच्या चेंबरला मिळायचा. आईने वर पेज ओतली रे ओतली की खालून विचारणा व्हायची, "सुधे, काय टाकून राह्यली वं?" आई चोरी पकडल्यासारखी पातेलं मागे घ्यायची. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. मोठे बाबा गेल्यानंतर तिला घरात उलट बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

तिचं माहेर उमरेडचं, विणकराचं. तिथे पेजेची खळ करून सुताला लावत, म्हणजे सूत ताठ व्हायचं. तीच पेज पाइपात गेली की केस, धागा, जे सापडेल ते धरून बसते, हे ती आम्हाला उठता-बसता ऐकवायची. "सूत ताठ होते, तर तुमचा पाइप काय नरम राहीन?" म्हणून पेज गार करून झाडाला घालायची. रविवारच्या मटणावरची तर्री थिजली की चमच्याने काढून डब्यात टाकायची. ताटं आधी जुन्या पेपराने पुसायची आणि मग धुवायची. न्हाणीच्या जाळीवर अडकलेले केस ज्याचे त्याने उचलायचे. कॉलेजात असताना मला या जाळीचा भारी कंटाळा. एक दिवस मोठीआई कागदावर केसांचा गुंता घेऊन जिना चढून आली आणि तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "तुयं सामान खाली आलं होतं." मी दोन घास कमी जेवले त्या दिवशी.

नातेवाईक तिला खवट म्हणायचे. म्हणोत बापडे. ज्याच्या मोरीतून दुसऱ्याच्या घरची घाण वर येते त्याने गोड बोलावं, ही अपेक्षा वरच्या मजल्यावर राहणारेच करू शकतात.

खरी लढाई झाली ती महालक्ष्म्यांवरून. आमच्याकडे जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी आणि भलं मोठं पातेलं भरून आंबील असते. तो प्रसाद. त्यामुळे उरलंसुरलं, पानातलं उष्टं, एवढंच काय, हात धुतलेलं पाणीही बाहेर टाकायचं नाही. अंगणात खड्डा करून त्यात पुरायचं, अशी रीत. पण बाबांनी गाडी घेतली आणि ती उभी करायला अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवून घेतले. खड्ड्याला जागाच राहिली नाही. कचरागाडीत प्रसाद द्यायला मन धजेना, म्हणून आई-बाबांनी उरलेली आंबील सिंकमध्ये ओतली. विसर्जन शेवटी पाण्यातच होतं ना, असं बाबांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या अजून उठल्याही नव्हत्या, तोवर ती आंबील मोठीआईच्या मोरीतून वर आली.

तिचा मुलगा बाळूदादा पुण्याहून सणाला आला होता. मोठीआई त्या पाण्यात खराटा घेऊन उभी दिसल्यावर त्याचा पारा चढला, पण कुणावर, तर तिच्यावरच. पुढच्या वर्षी असं झालं तर तुझं सामान बांधून पुण्याला नेणार आणि खालचं घर भाड्याने देणार, असं त्याने सांगून टाकलं. बाबांनी मान डोलावली. त्यांना वहिनीची काळजी होती आणि, खोटं कशाला बोला, सुटकेची आशाही होती. मोठीआईने खराटा भिंतीला टेकवला.

"घाण तुमी वरून सोडता," ती म्हणाली, "अन् घर मी काहून सोडू?"

दादाने तरीही शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी अंगणातून खणखण ऐकू आली. मी गॅलरीत आले. पदर खोचून मोठीआई सब्बलीने गट्टू उपटत होती, आणि तेही नेमक्या गाडीच्या जागेवरचे. बाबा गाडी घेऊन भाज्या आणायला गेले होते, तेवढा वेळ तिने बरोबर गाठला होता. ते परतले तेव्हा गट्टू भिंतीशी रचलेले आणि ही गुडघाभर खड्ड्यात उभी. बाबा संतापले. गाडी आता कुठे लावू, म्हणाले.

"रस्त्यावर लावा, भाऊजी. देवीचं खाणं माह्या मोरीत आलेलं चालते, अन् गाडी रस्त्यावर नाही चालत तुमाले?"

बाबांनी सब्बल मागितली. तिने दिली नाही. बाळूदादा तिला वयाची आठवण करून द्यायला पुढे झाला, तर तिने त्याच्याच हातात फावडं दिलं. तो माती उपसू लागला.

जेवणाच्या दिवशी मोठीआई आमच्या सिंकपुढे स्टूल टाकून बसली. पाहुण्यांची पंगत झाली, सवाष्णींची झाली, ती हलली नाही. हात धुवायला प्रत्येकाला खाली खड्ड्याकडे पिटाळलं. काहींनी नाकं मुरडली. सगळं आटोपल्यावर ती तिथेच ताट घेऊन जेवली. दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे तिच्या मोरीपाशी जमलो. मोरी कोरडी होती. बाळूदादाने वाकून बघितलं आणि तो आत जाऊन एकट्याचीच बॅग भरू लागला.

ती शेवटपर्यंत खालीच राहिली. आजारपणात बाबांनी वर चला म्हणून मिनतवाऱ्या केल्या, दादा पुण्याहून गाडी घेऊन आला, पण तिने कुणाला दाद दिली नाही. आपल्या घरात, आपल्या खाटेवर ती गेली. माझ्यावर सगळ्यात जास्त डाफरलेली बाई तीच, आणि आता सगळ्यात जास्त आठवते तीही. हक्काच्या जागी पाय रोवून कसं उभं राहायचं हे मी तिच्याकडे पाहून शिकले. ते शिकवायला दुसरं कुणी नव्हतं.

तेरवीचं जेवण वर आमच्याकडे होतं. भजी तळून झाली तशी स्वयंपाकाला आलेली बाई उरलेल्या तेलाची कढई घेऊन सिंककडे निघाली. बाबा बैठकीत पाहुण्यांशी बोलत होते. कढई दिसताच ते उठले, घाईने आत आले आणि सिंकपुढे आडवे उभे राहिले.

"इथं नको टाकू, बाई," ते म्हणाले. "खाली आमची वैनी राह्यते."