घासून ठेवलेला मुद्देमाल

‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात आमच्या खात्यातले निवृत्त लोक हमखास करतात. माझ्या बाबतीत आठवण्याची सोयच नाही, कारण कोणी विसरू देत नाही. घरात कधी चहा फाटला की नातवंडं एका सुरात विचारतात, “आजी, गुन्हा दाखल करायचा का?” ही गोष्ट त्यांना मीच रंगवून सांगितली, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करू.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. नागपुरातल्या एका ठाण्यात मी नवी फौजदार होते. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही नाही. त्यातल्या काहींचे नातू आता मला रस्त्यात नमस्कार करतात. ठाण्यात बाई अधिकारी मी एकटी. गणवेशाला एवढी खळ घालायची की खुर्चीत बसताना कापडाचा आवाज व्हायचा. कलमं तोंडपाठ होती. एखादा मोठा गुन्हा आपल्या हातून उघडकीस यावा, म्हणून मी रोज सकाळी ठाण्याची पायरी चढायची. आणि मला मिळायचं काय, तर नळावरची भांडणं आणि हरवलेल्या सायकली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दुधाचा आदेश निघाला. शहराला दूध कमी पडत होतं. म्हणून दूध संघाच्या सभासद शेतकऱ्यांनी सगळं दूध संघाच्या संकलन केंद्रावरच घालायचं, कच्चं दूध शहरात आणून दारोदार विकायचं नाही, असं ठरलं. मोडेल त्याच्यावर गुन्हा, आणि संघातून नाव कमी. शहरात यावरून सरळ दोन तट पडले. एकांना बाटलीतलं दूध पसंत होतं: तापवून थंड केलेलं, वरची पन्नी काढली की काम झालं. दुसऱ्यांना आपल्या नेहमीच्या दूधवालीचं, बोटभर साय धरणारं दूध हवं होतं. रेशनच्या रांगेत, देवळाच्या ओट्यावर, जिथे तिथे हाच वाद. मी अर्थात बाटलीच्या पक्षात. अंगावर गणवेश असला की मला कच्चं काहीच चालत नसे.

खबर आणली ती एका संकलन केंद्राच्या सचिवांनी. सावनेर रस्त्यावरच्या मोठ्या गावात त्यांचं केंद्र होतं. माणूस सरळ, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला.

“आमची एक सभासद आहे, बाईसाहेब. एकटी बाई, एकच गाय. आतल्या खेड्यावर राहते. गाय भाकड आहे म्हणून महिनाभरापासून दूध घालत नाही. आन् आता दोन-तीन दिवस झाले, सकाळच्या गाडीनं कॅन भरून नागपूरले जाऊन राहिली. मी सोता पाहिलं.”

“म्हणजे चोरून विक्री.”

“तिचं वाईट व्हावं असं नाही जी. पण एकानं नेलं की दहा जण नेतात. मंग केंद्र बंद पडते. आमच्याकडे दुसरं दूध घेणारं आहे कोण?”

त्यांचं चुकत नव्हतं. कॅनमध्ये काय होतं ते तुम्ही पाहिलंत का, एवढं मी विचारायला हवं होतं. ते माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात तेव्हा वर्तमानपत्रातलं माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन मी पाळत ठेवली. हवालदार उमरेडच्या विणकर घरातले. धाग्यातली गाठ नुसत्या बोटानं सांगायचे. दुधातलं मात्र त्यांना माझ्याइतकंच कळायचं. बाई गाडीतून उतरली, सदर भागाकडच्या क्वार्टर्समध्ये शिरली आणि थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी आली. पन्नाशीची, काटक, एका हातात कॅन आणि दुसऱ्या हातात पिशवी. मी तिला आडवी गेले. ती घाबरली नाही. पिशवी तेवढी तिनं छातीशी धरली.

ठाण्यात दोन पंच बोलावून पंचनामा केला. कॅन एक, निम्मा भरलेला, आतला द्रव पिवळसर. पिशवीत पितळी गंज तीन. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. तिन्ही गंज रिकामे पण न धुतलेले, आत चिकट थर, आणि तळाशी एकात ज्वारीचे दाणे, एकात तांदूळ, एकात गुळाचा खडा. मला तर हर्षच झाला. धान्य घेऊन दूध दिलं म्हणजे ती विक्रीच. आणि पिवळा रंग म्हणजे भेसळ. एकाच बाईवर दोन गुन्हे.

“दूध कोणाला विकलं?” मी दरडावून विचारलं.

“दूध नाही विकलं जी.”

“मग हे दाणे कुठून आले?”

“त्याईनं टाकले.”

“म्हणजे मोबदला.”

“काय?”

“बदल्यात दिले ना?”

“बदल्यात नाही. टाकतच असते.”

“कोण टाकतं? नावं सांग.”

इथे तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मी टेबलावर रूळ आपटला, कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं, सभासदत्व जाईल म्हणून सांगितलं. ते ऐकून तिचा चेहरा उतरला. “मंग गाईचं दूध मी घालू कुठं?” एवढं ती म्हणाली, पण नावं सांगितली नाहीत. बाकावर भिंतीला टेकून बसली आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

मी कागद तयार करून साहेबांपुढे ठेवले. आमचे निरीक्षक सावकाश माणूस. त्यांचा एक नेम होता: चहा घेतल्याशिवाय सही नाही. “ठेवा तिथं,” म्हणाले. “अगोदर चहा येऊ द्या.”

त्या दिवशी ठाण्याची दुधाची बाटली आली नव्हती. हवालदारांनी डोकं चालवलं. तपासणीच्या नमुन्याला सील होतं, कॅनला नव्हतं. त्यांनी कॅनमधलंच पेलाभर चहात ओतलं. कप आले तेव्हा त्यांत चहा खाली आणि गोळे वर.

“हा चहा आहे का रस्सा?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, भेसळ सिद्ध झाली,” मी म्हणाले. माझ्या संपूर्ण नोकरीत एवढ्या ऐटीत मी दुसरं वाक्य बोलले नाही.

“सिद्ध काही झालं नाही. माझा चहा गेला. हवालदार, टपरीवरून आणा. सही मंग.”

हवालदार टपरीवर गेले. तेवढ्या वेळात मी मुद्देमाल पाहायला गेले, तर गंजांना मुंग्या लागलेल्या. घाणेरडा मुद्देमाल कोर्टात कसा न्यायचा? एका शिपायाला म्हटलं, “हे स्वच्छ घासून टाका.” त्यानं दाणे अंगणात चिमण्यांना फेकले, गूळ नळाखाली वाहून गेला, राखेनं घासून गंज असे लखलखीत केले की त्यात तोंड दिसावं. पुरावा पुसून टाकणाऱ्या आरोपींविषयी मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. पुरावा घासून काढणाऱ्या फौजदाराविषयी प्रश्न आला नव्हता.

शिपायानं ते गंज बाईच्या समोरच ओट्यावर पालथे घातले.

इतका वेळ न हललेली बाई उठली. एक गंज उचलून तिनं आत पाहिलं, हात फिरवला, आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

“काहून धुतले वं बाई? काहून धुतले? माह्या गाईनं काय केलं तुमचं?”

धमकीनं न रडलेली बाई घासलेली भांडी बघून रडते, हे कुठल्याच कलमात बसेना. भांडी आयती घासून मिळाली तर विकणारी बाई खूश होईल. तेव्हा मी पहिल्यांदा असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं.

“मावशी, धुतले तर काय होतं?”

“चिकाचं भांडं धुऊन वापस देत नाही जी. गाय आटते. ज्याच्या घरी चीक दिला, तो चार दाणे टाकून तसंच देते. तुमच्या मायनं कधी सांगतलं नाही?”

“हा चीक आहे?”

“मंग तुमाले काय दूध दिसलं? गाय व्याली माही.”

मी खरवस आवडीनं खाणारी. वेलची घातलेल्या वड्या ताटलीत आल्या की पहिली वडी माझी. पण व्यालेल्या गाईचं पहिलं दूध कॅनमध्ये कसं दिसतं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते मुळातच पिवळसर आणि दाट. तापलं की गोळा होतं. माझी भेसळ तिथेच संपली. आणि चीक कोणी विकत नाही, वाटतात, हे मलाही ठाऊक होतं. म्हणजे विक्रीही संपली.

“पण हे सकाळीच का नाही सांगितलं?”

“मले वाटलं, दूध बंद केलं तसं आता चीक वाटाचंही बंद केलं असन सरकारनं. मंग त्या लोकायचे नावं कशी सांगू? त्याईलेही धरून आनलं असतं तुमी.” पदरानं डोळे पुसून ती पुढे म्हणाली, “इतके वर्स त्याईचे लेकरं माह्या गाईचं दूध पेले. रतीब बंद झाला, ठीक आहे. पण गाय व्याली तर पहिला चीक त्याईचाच.”

ज्यांची नावं ती लपवत होती, ते लोक तोवर आपल्या पायांनी ठाण्यात आले होते. क्वार्टर्समध्ये बातमी पोचली होती. चार बाया दारात उभ्या, आणि आत येतानाच त्यांचं आपसात जुंपलेलं.

“तुमच्या बाटलीच्या दुधाले साय तरी येते का?” एक म्हणत होती. “पोराईले काय पन्नी चाटाले देऊ?”

“पोरं आजारी पडली तेव्हा कोण धावत होतं डॉक्टरकडे?” हे चष्मा लावलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. “तपासलेलं दूध आहे ते. मी बाटलीच्याच बाजूची, आणि उद्याही राहीन.”

मी त्यांना आपल्या बाजूच्या साक्षीदार समजून जवळ बोलावलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, शाळेत उशिरा येणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं.

“लिहून घ्या. आदेश निघाल्यापासून या बाईनं आमच्या लाइनीत एक थेंब दूध विकलेलं नाही. मीच लक्ष ठेवून होते, कारण विकलं असतं तर तक्रार मीच केली असती. काल तिनं मलाही गंजभर चीक दिला. तांदूळ मी टाकले होते. कुठे आहेत ते?”

अंगणात चिमण्या तेच टिपत होत्या.

सचिवांना जबाबासाठी बोलावलं होतं, ते पोचले. कॅनचं झाकण उघडून त्यांनी नुसतं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “हा तर चीक आहे. हे आमी केंद्रावर घेतच नाही. एक लोटा गेला तर सारं दूध तापवताना फाटते.” मग मावशीकडे वळून म्हणाले, “गाय व्याली हे सांगतलं काहून नाही?”

“तुमी विचारलं काहून नाही? गाडीजवळ उभे राहून टकमक पाहून राहिले होते.”

एवढ्यात टपरीचा चहा आला. साहेबांनी तो शांतपणे संपवला, मग माझे कागद उचलून मला परत दिले. सही नव्हती. “चहा फाटला ते बरं झालं,” एवढंच बोलले. सगळ्या ठाण्यासमोर ते मला खूप काही बोलू शकले असते. ते बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. सचिवांनी तक्रार मागे घेतली. मावशीचं सभासदत्व राहिलं.

पण मावशी निघाली ती ते चकचकीत गंज घेऊन, पडलेल्या चेहऱ्यानं. आणि मी, कायद्याची पदवीधर, असल्या समजुतींना हसणारी, त्या दिवसापासून गाईच्या काळजीत पडले. गाय खरंच आटली तर? सभासदत्व काय चाटायचं आहे? आठवड्यानंतर ‘जबाब पूर्ण करायचा आहे’ असं सांगून मी सकाळच्या गाडीनं सावनेर रस्त्यावरच्या त्या केंद्रावर गेले. जबाब बिबाब काही नव्हता. मी रांगेच्या कडेला उभी राहिले. मावशीचा नंबर आला. तिनं कॅन उचलून मापात दूध ओतलं, पांढरंशुभ्र. सचिवांनी वास घेतला, मान डोलावली, आणि दूध मोठ्या कॅनमध्ये गेलं. मी रोखलेला श्वास सोडला, तो बहुधा मोठ्यानं सोडला असावा. मावशीनं वळून पाहिलं.

“गाय आटली नाही, बाई.” ती हसली. “तिले सांगतलंच नाही मी.”

पोलिसात मला पुष्कळ प्रशिक्षण मिळालं. पण आरोपीला तेच विचारायचं जे आपल्याला ठाऊक नाही, हे मला तिथं शिकवलं गेलं नाही. ते मावशीनं शिकवलं. स्वतःचं मत एका बाजूला ठेवून खरं सांगायचं, हे मास्तरीणबाईंनी शिकवलं. पुढे शेकडो साक्षीदार पाहिले, पण आपल्याच पक्षाविरुद्ध इतक्या सहज साक्ष देणारे फार थोडे.

ती गाय पुन्हा व्याली तेव्हा मावशी ठाण्यात आली. माझ्या टेबलावर गंज ठेवला आणि म्हणाली, “घ्या, करा पंचनामा.” तिला बसवून घेतलं, हवालदारांच्या घरून खरवस होऊन आला, साहेबांनी दोनदा घेतला. मग हवालदार सवयीनं रिकामा गंज घेऊन नळाकडे निघाले आणि अख्खं ठाणं एकदम ओरडलं. कोठडीतला पाकीटमारसुद्धा. ठाण्यात ज्वारी कुठली असणार? मी चहाच्या डब्यातली साखर मूठभर घेतली आणि त्या न धुतलेल्या गंजात टाकली. मावशीनं आत पाहिलं, गंज पदरानं झाकला आणि गाडी गाठायला निघाली.

आता आमच्याकडेही दूध पिशवीतून येतं आणि मला त्याची तक्रार नाही. पण शेजारचं एखादं भांडं घरात आलं आणि सून ते सिंककडे नेऊ लागली, की मी आतल्या खोलीतून विचारते, “कोणाचं आहे गं ते? आणि काय आलं होतं त्यात?” ती म्हणते, “आई, नुसती भाजी होती.” मग मी म्हणते, “धू मग. मी फक्त विचारलं.”