बाबांच्या कुत्र्याची झोप

पळस्पे फाट्यावर माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, हवा भरायचं मशीन आणि मागे एक खाट. गोव्याकडे जाणारे ट्रक रात्रीच जास्त, म्हणून बाबा तीसेक वर्षं तिथेच झोपले. झोपले म्हणजे काय, गाडी थांबली की उठायचे, टायर खोलायचे, पुन्हा आडवे व्हायचे. शेवटची सहा-सात वर्षं त्यांच्यासोबत एक कुत्रा होता. तपकिरी, एक कान फाटलेला. बाबांनी त्याचं नावही ठेवलं नव्हतं, नुसतं 'ए गड्या' म्हणायचे. ट्रकचा ब्रेक लागला की आधी तो उठायचा, मग बाबा.

रस्ता रुंद करायला घेतला आणि शेड गेली. बाबांचं विसरणंही त्याच सुमाराला सुरू झालं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोन भावंडं, वाटणी पाच मिनिटांत झाली. बाबा खांदा कॉलनीत दादाकडे, कुत्रा नवीन पनवेलला माझ्याकडे. दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होतो, नाहीतर दोघांनाही ठेवलं असतं." मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दोघांतला सोपा माझ्या वाट्याला आला होता.

पहिल्या रात्री कुत्रा साडेअकराला रडायला लागला तो पहाटेपर्यंत. भुंकणं नव्हे, गळा वर करून रडणं. दुसऱ्या रात्री त्याला बाल्कनीत बांधलं, तर खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत बडवलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. "मॅडम, कुत्रा तरी हलवा, नाहीतर आम्हाला झोप तरी द्या." माझ्या नवऱ्याने कानात कापूस घातला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी शाळेत शिकवायचे. फळ्यावर गणित मांडताना डोळे मिटायला लागले, तेव्हा मी कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने आधी विचारलं, "हा आधी कुठे झोपायचा?"

"हायवेला. ट्रकच्या आवाजात."

"मग त्याला तुमच्या घरातली शांतता झोपू देत नाही. त्याला वाटतं, सगळे आपल्याला सोडून गेले." त्याने सांगितलं, दिवसा लोळू देऊ नका, संध्याकाळी भरपूर चालवा, जेवण सातला, दहाला पुन्हा खाली न्या. वेळ चुकवू नका. रडला तर ओरडू नका. ज्याच्याजवळ झोपायचा त्याचा एखादा वापरलेला कपडा द्या. "आणि काही दिवस तुम्हीच त्याच्याजवळ झोपा. मग रोज हातभर लांब सरका."

दादाकडून मी बाबांचा दुकानातला शर्ट आणला. वहिनीने तो धुवायच्या बादलीत टाकला होता, मी तिथून उचलला. पंक्चरच्या सोल्यूशनचा आणि ग्रीसचा वास त्याला तसाच होता. कुत्र्याने शर्ट तीनदा हुंगला, त्यावर गोल फिरला आणि बसला. मी हॉलमध्ये चटई टाकली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून पडले. कोपऱ्यात जुना टेबलफॅन लावला, त्याची घरघर त्याला बरी वाटायची. रात्री दोनच्या सुमाराला तो दचकून उठायचा, कान टवकारायचा. ट्रकची वेळ. मी म्हणायचे, "कुणी नाही रे गड्या, झोप." तो माझ्याकडे बघायचा, पुन्हा शर्टात तोंड खुपसायचा. तीन आठवडे मी जमिनीवर झोपले. पाठ गेली, पण बाविसाव्या रात्री मी माझ्या पलंगावर होते आणि तो हॉलमध्ये सकाळपर्यंत हलला नाही. मी शाळेत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

याच तीन आठवड्यांत वहिनीचे फोन येत होते.

"काल परत दोनला उठले. चपला घातल्या, म्हणाले, गाडी उभी हाय. मला आणि ह्यांना झोप नाही. सकाळी डबे कोण करणार?"

मी फोन खांद्याने धरून कुत्र्यासाठी भातात दूध कालवत होते. म्हटलं, "अगं, दाराला वरून कडी लाव. त्यांचा हात पोचणार नाही. आणि डॉक्टरला सांगून एखादी झोपेची गोळी दे." मला माझा सल्ला फार व्यवहारी वाटला होता. रिक्षाने दहा मिनिटांवर घर होतं. बाबा आधी कुठे झोपायचे, हे मला कुणी विचारायची गरज नव्हती.

एका रविवारी दादा बाबांना माझ्याकडे घेऊन आला. त्याला खाली गॅरेजवाल्याकडे काम होतं, त्यांना वर सोडून तो गेला. कुत्रा वेड्यासारखा त्यांच्या अंगावर चढला. बाबा चटईवर बसले, त्याच्या फाटक्या कानाशी खेळत राहिले. माझं नाव त्यांना त्या दिवशी आठवलं नाही, पण कुत्र्याला ते बरोबर ओळखत होते.

"रातचा रडतो काय हा?"

"आता नाही रडत. आधी फार रडायचा."

"मग काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानेच सांगितलं. चालवणं, जेवणाची वेळ, शर्ट, पंखा. ते मन लावून ऐकत होते.

"तू खाली झोपायचीस? याच्या बाजूला?"

"हो. तीन आठवडे."

ते बराच वेळ चटईवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी पन आज इथंच झोपू काय? याच्या बाजूला. मना काय लागत नाय."

खालून दादाने हॉर्न वाजवला. दुसऱ्या दिवशी माझी शाळा होती, तपासायचे पेपर होते. नुकती कुठे झोप मिळायला लागली होती. नवऱ्याने आतून माझ्याकडे पाहिलं, तो काही बोलला नाही, पण मी त्याच्या न बोलण्याचा आधार घेतला.

"पुढच्या रविवारी या बाबा. नक्की."

"बरं," ते म्हणाले. हट्ट केला असता तर मी कदाचित ठेवून घेतलं असतं, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी ठेवून घेतलं नसतं.

पुढचा रविवार आला. आमच्याकडे पाहुणे होते. मी फोनही केला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी बाबा पडले. गोळीच्या गुंगीत उठले, स्वयंपाकघरातलं स्टूल दारापाशी आणलं आणि वरच्या कडीला हात घालायला चढले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. दवाखान्यात मात्र मी सगळ्या रात्री त्यांच्या उशाशी बसले. त्यांना मी कोण ते कळत नव्हतं. पंधरा दिवसांत ते गेले.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मनात ठरवून गेले होते. स्टूल ओढल्याचा आवाज घरात एकालाही कसा आला नाही, हे मला वहिनीला विचारायचं होतं. ती पातेली घासत होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "कुत्रा तुम्ही नेलात, बाबा आम्ही ठेवले. दीड महिना ठेवले. आणि कडी लावायला तुम्हीच सांगितलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. ती रडतही नव्हती, थकलेली होती. दादा दारात उभा होता. त्याने खाली मान घातली. मला चिडायचं होतं, पण तिच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी पदर खोचला आणि घासलेली पातेली पुसायला घेतली. त्यानंतर आम्ही दिवाळीला आणि लग्नकार्यात भेटतो. पाणी विचारतो, मुलांचे मार्क विचारतो. त्यापुढे नाही.

कुत्रा आणखी पाच वर्षं जगला. चांगला जगला, शांत झोपला. तो मेला तेव्हा मी दोन दिवस शाळेत गेले नाही, आणि त्याचीही मला लाज वाटली.

पुढे आमच्या वरच्या मजल्यावर एका नव्या जोडप्याने पिल्लू आणलं. ते रात्रभर केकाटायचं. सेक्रेटरींनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं, "त्यांना विचारा, त्यांना जमतं." ती मुलगी मोबाइलवर सगळं टिपून घेत होती. जेवणाची वेळ, चालवणं, वापरलेला कपडा. शेवटी तिने मान वर केली.

"काकू, तीन आठवडे तुम्ही खरंच खाली झोपलात? एवढं कोण करतं हो?"

"कुत्र्यासाठी करतात," मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती मोकळेपणी हसली, आणि पिल्लाला कडेवर घेऊन वर गेली.