भाऊबीजेचं बॉलपेन

माझा नवरा म्हणतो, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. कोथिंबिरीची जुडी सडकी निघाली तरी मी अख्ख्या मजल्याला सांगते. पण ही एक गोष्ट मात्र चार दिवाळ्या तोंडात धरून बसले आहे. नवऱ्याला सांगितली नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी पेनांचं सांगायला हवं. मला शाईच्या पेनांचं वेड आहे. छंद वगैरे म्हणतात लोक, पण हे वेडच. दिवसभर बँकेत कीबोर्ड बडवायचा आणि घरी आलं की स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन निबा धुवायच्या. निब पाण्यात सोडली की आधी काहीच होत नाही. मग एक निळी बट हळूच बाहेर येते, थांबते, वळते, आणि बघता बघता पाणी कधी निळं झालं ते कळत नाही. मी बघत राहते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरते. भात कितीदा करपलाय म्हणून सांगू!

अशी आम्ही दहा-बारा वेडी माणसं महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दादरला भेटतो, एका वाचनालयाच्या माडीवर. वर्षातला सगळ्यात मोठा रविवार म्हणजे भाऊबीजेनंतरचा. त्या दिवशी लांबलचक टेबलावर पांढरी चादर घालतात. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद. मग प्रत्येकाने दिवाळीत मिळालेली चीज चादरीवर ठेवायची — कुणाला पाडव्याला नवऱ्याने दिलेलं पेन, कुणाला भावाने पाठवलेली शाई, कुणी बोनस झाल्यावर स्वतःलाच घेतलेला जाड कागद. खिडकीतून ऊन येतं ते शाईच्या बाटल्यांमधून चादरीवर उतरतं. जांभळे, विटकरी, मोरपिशी डाग पडतात, आणि ऊन सरकेल तसे तेही सरकतात. बोलणं कमी होत जातं. नुसती निबांची कुरकुर ऐकू येते. मला तिथे नेहमी वाटतं, आपण जागे नाहीच आहोत.

एक लक्षात ठेवा. ‘माझं मीच घेतलं’ असं जो म्हणतो, त्याला तिथे सगळ्यात जोरात टाळ्या पडतात. म्हणजे मला खोटं बोलायची काही म्हणजे काही गरज नव्हती.

आणि तिथे एकच वस्तू हसण्यावारी जाते, ती म्हणजे बॉलपेन. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे पेंडसेकाका, शाळेतून निवृत्त झालेले, ते त्याला ‘खिळा’ म्हणतात. कुणी चुकून खिशातून काढलं की ओरडतात, “अरे, खिळा काढला याने, खिळा!” सगळे हसतात. मीही हसते. सगळ्यांच्या आधी हसते.

आता दादा.

माझा मोठा भाऊ लालबागला राहतो, आमच्या जुन्याच खोलीत. वडील गिरणीत होते. दादा माझगावला गोदीत फिटर आहे. मी शिकले, बँकेत लागले, लग्न होऊन गिरगावात आले — आणि माझी भाषा बदलली. बदलली कसली, मीच बदलले. घरचं मालवणी उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि ‘न’ आणि ‘ण’ घोटून घोटून नीट केले. दादा मात्र दादाच राहिला. तो मला अजून ‘बाय’ म्हणतो. आमच्याकडे लाडाच्या मुलीला, बहिणीला म्हणतात तसं. तो जिन्यातूनच हाक मारतो, “गो बाय!” आणि मी चटकन दार उघडते. आनंदाने, असं तुम्हाला वाटेल. शेजाऱ्यांनी दुसरी हाक ऐकू नये म्हणून.

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि त्याने तबकात एक डबी ठेवली. लाल मखमलीची. आत सोनेरी बॉलपेन. दादा एवढा खूश होता! कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुझी बहीण पेनं जमवते, तिच्या मंडळात दिवाळीची पेनं दाखवतात. मग हा कामावरून सुटल्यावर दुकानात गेला, तासभर उभा राहिला, आणि वर नावसुद्धा कोरून घेतलं. मी चष्मा लावून बघितलं. इंग्रजीत तीनच अक्षरं होती. बी, वाय, ई.

दादाने काउंटरवर सांगितलं होतं, “बाय लिहा.” कोरणाऱ्याने लिहिलं बाय. निरोपाचं. दादाला ते बरोबरच वाटलं, कारण वाचलं की ‘बाय’च होतं ना ते!

माझी मुलगी खो खो हसली. “आई, मामाने तुला टाटा केलं!” मी तिच्यावर डोळे वटारले. दादाला काही कळलं नाही, तो तिच्याबरोबर हसला आणि मला म्हणाला, “काय गो, आवडलां मां?” मी म्हटलं, “मस्त आहे रे.” इथपर्यंत सगळं ठीक आहे. इतपत खोटं कोण बोलत नाही?

त्या दिवाळीत मी स्वतःसाठीही एक पेन घेतलं होतं. मोरपिशी अंगाचं, सोन्याची निब. वर्षभर त्याचा फोटो बघत होते. रविवारी दोन्ही पेनं घेऊन मी दादरला गेले. मोरपिशी दाखवायला. आणि सोनेरी? हे सांगताना जड जातंय. सोनेरी मी विनोदाला नेलं होतं. म्हटलं, पेंडसेकाकांपुढे हा खिळा काढायचा, वरची अक्षरं दाखवायची, चार हशे मिळतील. दादाच्या भाऊबीजेवर. घरून निघताना मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती.

पण तिथे गेल्यावर धीर झाला नाही. दादाची दया आली म्हणून असं मला नंतर कितीदा तरी वाटून घ्यायचं होतं. तसं नव्हतं. त्या अक्षरांचा विनोद सांगायचा तर ‘बाय’ म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. मी कुठली ते सांगावं लागलं असतं. म्हणून डबी पर्समध्येच राहिली आणि मी मोरपिशी पेन चादरीवर ठेवलं. माझ्याशेजारी बसणाऱ्या वृंदाने ते उचललं, उन्हात धरलं, तिच्या बोटांवर निळंहिरवं काहीतरी हललं. “अगं बाई, काय सुंदर! भाऊबीज का गं?”

तिला तिच्या भावाने परदेशातून शाई पाठवली होती. तिने आत्ताच दाखवली होती. मी मान हलवली. हो.

मान हलवायला किती वेळ लागतो? आणि मग मला थांबताच येईना. माझा भाऊ दर वर्षी स्वतः निवडतो म्हटलं. त्याला निबांतलं फार कळतं म्हटलं. बोलता बोलता मला तो भाऊ दिसायलाही लागला — इस्त्रीचा झब्बा घातलेला, हळू बोलणारा, चष्मा पुसून निब तपासणारा. त्या उन्हात, त्या डागांमध्ये बसून मी एक नवा भाऊ केला आणि मला तो फार आवडला. सगळे ऐकत होते. मी सुखात होते, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात दारातून हाक आली.

“बाय!”

दादा उभा होता. जिना चढून दम लागलेला. दादरच्या बाजारात आला होता, माझ्या घरी फोन करून पत्ता घेतला होता. त्याच्या हातात कागदाची छोटी पुडी होती. मला बघताक्षणी कळलं ती कसली. बॉलपेनाबरोबर मिळालेल्या दोन रिफिली. त्या द्यायच्या राहून गेल्या होत्या, आणि त्या द्यायला तो आला होता.

माझ्या आधी वृंदाच उठली. “या या! तुमचंच कौतुक चाललंय.” पेंडसेकाकांनी खुर्ची दिली. कुणीतरी त्याच्यापुढे चकली-लाडूची बशी ठेवली. आणि ते मोरपिशी पेन त्याच्या हातात देऊन काका म्हणाले, “काय निवड आहे हो तुमची! ही निब कशी काय हेरलीत?”

दादाने पेनाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. मी गप्प राहिले, घाबरले, एवढंच सांगून ही गोष्ट मिटवता आली असती. गेली चार वर्षं स्वतःला सांगताना मी ती इथेच मिटवते. पण मी गप्प राहिले नाही. मी हसले. आणि म्हटलं, “सांग ना रे दादा, कसं निवडलंस ते.”

मी म्हटलं ते. माझ्या तोंडाने. त्याच्याकडून खोटं वदवून घेतलं.

तो क्षण मला अजून संथ दिसतो. चादरीवरचा जांभळा डाग त्याच्या मनगटावर आला होता. पुडी धरलेला हात हळूहळू खाली गेला आणि पँटच्या खिशात शिरला. मग तो बोलला, शाळेत उभं केल्यासारखं, प्रत्येक शब्द जपून, शुद्ध भाषेत. “तिला लहानपणापासून पेनांची आवड आहे. म्हटलं, चांगलंच घेऊ या. दुकानदारांनी मदत केली.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी आमचा फोटो काढला. त्यात दादाने ते पेन दोन बोटांत ताप बघायच्या नळीसारखं धरलं आहे, आणि हसतो आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर तो फोटो अजून आहे. ‘आदर्श भाऊ’ असं खाली लिहिलं आहे, पुढे तीन फुलं.

नंतर आम्ही दोघं खाली उतरलो. फुलबाजारातून चालत निघालो. दिवाळी सरली होती, झेंडूचे ढीग कोमेजून रस्त्याकडेला पडले होते. मला वाटत होतं, आता हा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं — मीही चढा आवाज लावला असता, भांडण करून मोकळी झाले असते. भांडणात मी हरत नाही. पण तो वहिनीच्या गुडघ्यांबद्दल बोलला. पाण्याच्या वेळेबद्दल बोलला. आणि पुलाच्या पायऱ्यांपाशी थांबून एकच विचारलं.

“त्या पेनाक रिफिल लागत नाय मां?”

मी म्हटलं, नाही. शाई भरावी लागते.

“असां,” तो म्हणाला, आणि गेला.

बोलावून घ्यायला हवं होतं त्याला. पर्समधली डबी काढायला हवी होती. पुडी मागायला हवी होती — दे रे, माझ्या आहेत त्या. एवढ्या चार-पाच शब्दांना काय लागतं? मी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले आणि मग टॅक्सी करून घरी आले. पर्समधली डबी मांडीला टोचत होती म्हणून टॅक्सीत ती पर्स बाजूला ठेवली, हेसुद्धा आठवतं.

पुढच्या भाऊबीजेला दादा आला. जिन्यातून हाक आली नाही, त्याने बेल वाजवली. मी ओवाळलं. त्याने तबकात एक पाकीट ठेवलं, वर एक रुपया चिकटवलेलं, लग्नकार्यात देतात तसलं. कसनुसं हसून म्हणाला, “तुका व्हया तां तूच घे. माका त्यातलां काय कळणा नाय.”

लहानपणी रिबिनींपासून बोरांपर्यंत त्याने मला आणून दिलेली एकही वस्तू मला विचारून आणलेली नव्हती. मी पाकीट घेतलं. वाकून नमस्कार केला.

त्यानंतर दर वर्षी पाकीटच येतं. मी त्यातून दादरच्या रविवारसाठी काहीतरी घेते, कधी शाई, कधी निब, आणि पांढऱ्या चादरीवर ठेवून सांगते की हे दादाने दिलं. आता ते खरं असतं. मी काय घेतलं ते दादा विचारत नाही.