बस्त्यावची सेमीफायनल

शुक्रवारी सकाळी मैदानावर बस्त्याव नाही, असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. इथे आखातात, उम्म सलाल मोहम्मद गावात, ऊन चढायच्या आत आमची मॅच लागते आणि हा सगळ्यांच्या आधी येऊन गोलपोस्टची जाळी ओढून बघत असायचा. त्या दिवशी तो आला नाही, नजमा भागातल्या त्याच्या खोलीवरून रूममेटचा फोन आला. काका उठत नाहीयेत म्हणाला. मी बूटही न बदलता गाडी काढली... झोपेतच गेला होता. महिना होत आला त्याला.

बस्त्याव आमच्या कंपनीच्या टीमचा खेळाडूही होता आणि मॅनेजरही. वसईत चर्चमागच्या मैदानावर घडलेला सेंटर हाफ. भयंकर कडक. मॅचच्या आधी बिर्याणी चापली म्हणून मेल्यानं मला, टीमच्या गोलीला, बाकावर बसवलं होतं. त्याच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. पण वेल्डर, क्लार्क, ड्रायव्हर गोळा करून त्यानं टीम उभी केली, आम्ही जिंकायला लागलो, आणि तिथेच तो अडकला. कारण आमचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, या टीमवर फार खूश होते.

त्या काळी देश सोडायचा तर कंपनीच्या सहीचा कागद लागायचा. एका वर्षी वसईला त्याची आई आजारी पडली. बहिणीनं फोन केला, लवकर ये. बस्त्याव मुदीरांकडे गेला. त्यांनी चहा पाजला, आईची विचारपूस केली, आणि म्हणाले, टुर्नामेंट संपली की लगेच सही करतो, तुझ्याशिवाय टीम कशी उतरणार, इन्शाल्ला आई बरी होईल. सेमीफायनल दोन दिवसांवर होती. हरलो असतो तर टुर्नामेंट तिथेच खलास, हा दुसऱ्या दिवशी विमानात. जिंकलो तर फायनलपर्यंत आणखी दहा दिवस. यातलं एक अक्षर त्यानं आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर... अहो, मी स्वतः बॉल जाळ्यात नेऊन ठेवला असता!

एकेक गोल झालेला, आणि शेवटच्या मिनिटाला आमच्याविरुद्ध पेनल्टी. दुसऱ्या टीममधला कोण कुठे मारतो हे बस्त्याव आधी जाऊन बघून यायचा आणि मांडीवर हात ठेवून मला बाजू दाखवायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यानं जरा वेळ लावला. मग डाव्या मांडीवर हात ठेवला. मी डावीकडे झेपावलो आणि बॉल अडवला. जादा वेळेत आम्ही जिंकलो. सगळ्यांत आधी मला मिठी मारली ती त्यानंच, आणि मी गाढव नाचत होतो.

फायनलच्या आदल्या दिवशी आई गेली. मग सही तासाभरात झाली. हा पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

मला हे कळलं दोन वर्षांनी, वसईला एका लग्नात, त्याच्या बहिणीकडून. परत आल्यावर मी त्याला धरलंच. म्हटलं, उजवीकडे दाखवलं असतंस तर कुणाला कळणार होतं? तो बुटाच्या नाड्या बांधत होता. वरही न बघता म्हणाला, "इनास, तू माझ्याकडे बघत होतास रे."

मला राग आला होता. अजून येतो. त्याचा, मुदीरांचा, आणि त्या दिवशी नाचलो त्या माझा.

पुढे तो सहीचा कागद बंद झाला. आता कुणाला विचारायचं नाही, उठायचं आणि निघायचं. आम्ही म्हणायचो, जा बाबा आता कायमचा. तर म्हणायचा, आता घाई कसली आहे?

मागच्या आठवड्यात त्याची खोली रिकामी करायला गेलो. खोली कसली, एक पलंग आणि भिंतीपर्यंतची वीतभर जागा. पलंगाखाली निळी बॅग होती, कुलूप लावलेली. ही कधी उघडलेली बघितली नाही, रूममेट सांगत होता, गावी जातानाही ते दुसरीच न्यायचे. कुलूप तोडलं. वर त्याचे दोन इस्त्रीचे शर्ट. खाली दुधाच्या पावडरचा डबा, बामच्या बाटल्या, बाईमाणसाच्या मापाच्या मऊ चपला, लेबलही न काढलेले लोकरीचे मोजे... सगळी तयारी झाली होती. आम्ही फक्त हरायला हवं होतं.