पंच्याऐंशी किलो

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय मला चैन पडत नाही, तसा याही गोष्टीचा केला. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मागच्या बाजूला आलेखाचा कागद चिकटवलाय. त्यावरची रेघ दोन वर्षांत वीस किलोंपासून पंच्याऐंशीपर्यंत चढत गेली आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईची अशी रेघ पाहून कुणीही पाठ थोपटली असती. पण घरातल्या कुणालाही मी ती वही दाखवली नाही.

कमरेचं दुखणं मुळात खरं होतं, हे आधी सांगते. तेवढी तरी माझी बाजू असू द्या. सहा वर्षांपूर्वी फळ्यावर लिहिता लिहिता कंबर धरली, ती पंधरा दिवस सुटली नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणाले. वजन उचलायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही, पट्टा बांधायचा. आमच्या नात्यागोत्यात ही बातमी लग्नपत्रिकेपेक्षा लवकर पोचली. लग्नकार्यात मला न सांगता खुर्ची येऊ लागली.

त्याच वर्षी सासूबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. दोघे भाऊ बसले आणि ठरलं की सहा महिने आई सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठच्या आमच्या गावी धाकट्याकडे, आणि सहा महिने शहाद्याला आमच्याकडे. पहिले सहा महिने गावी गेले. आमचा नंबर आला तेव्हा धाकटी जाऊ स्वतःच म्हणाली, “ताई, तुमना मणकामा गॅप शे. माय आठेच ऱ्हाऊ द्या.”

मी ‘असं कसं, असं कसं’ असं दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. खरं सांगते, सासूबाई गावीच राहणार म्हणून मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी मला नव्या सुनेच्या दिवसांत पुष्कळ छळलं होतं, शिकलेली म्हणून उठताबसता टोचलं होतं, आणि ते सगळं मी मनात जपून ठेवलं होतं. पण कारण ते नव्हतं. कारण होतं किळस. अंथरुणातला तो वास, ओली चादर, दर दोन तासांनी कूस बदलणं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जावं, एवढंच मला हवं होतं.

मग आमचं रविवारी जाणं सुरू झालं. केळीचे बाग असलेल्या घरी मी सफरचंदं घेऊन जायची. सासूबाईंच्या खाटेशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची आणि जाऊ काय करते ते बघायची. ती अंगाने एवढीशी, खांद्याची हाडं ब्लाउजातून दिसणारी. पदर कमरेला खोचायची, म्हातारीचा डावा हात स्वतःच्या गळ्यात घ्यायची आणि एका दमात तिला खाटेवरून शौचाच्या खुर्चीवर बसवायची. मी उगाच अर्धवट उठायची. ती म्हणायची, “तुम्ही बठा, ताई.” की मी बसायची.

तीन वर्षांपूर्वी पुन्हा कंबर धरली म्हणून नंदुरबारला एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. तिनं मला वाकवलं, वळवलं, पाय ओढून पाहिले आणि हसली. “मॅडम, या वयात असे फोटो निम्म्या लोकांचे निघतील. तुमचे स्नायू झोपलेत. वजन उचला.” मला वाटलं थट्टा करतेय. पण तिनं शहाद्यातल्या एका जिमचा पत्ता दिला. एक निवृत्त क्रीडाशिक्षक ती चालवायचे, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली.

पहिल्या दिवशी सरांनी नुसती वीस किलोंची दांडी हातात दिली. पाय जमिनीत रोवा, पाठ सरळ, श्वास पोटात धरा, दांडी पायाला घासून वर येऊ द्या, याला डेडलिफ्ट म्हणतात. पंजाबी ड्रेस, पायात मोजे, समोर आरसा. मला माझीच लाज वाटत होती. ती लाज महिन्याभरात गेली. तीन महिन्यांत कंबर दुखायची थांबली. सहा महिन्यांत मला पायऱ्या चढताना गुणगुणावंसं वाटू लागलं. आयुष्यभर मुलांचे मार्क वहीत चढवले, आता स्वतःचे चढवत होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला; नवऱ्याला ‘कमरेचा व्यायाम’ एवढंच सांगितलं होतं. एका आठवड्यात अडीच किलो वाढलं तर दिवसभर वर्गात मी मुलांवर ओरडायची नाही.

त्या वहीत एक नोंद आहे. डेडलिफ्ट, साडेबेचाळीस किलो, पाच वेळा. शेरा: ‘सोपं गेलं.’ त्याच आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं आणि त्यांचं वजन एक्केचाळीस भरलं होतं. हे दोन्ही आकडे मला माहीत होते. गणिताच्या बाईंना दोन आकड्यांतला लहानमोठा कळत नाही असं म्हणायची सोय नाही. मी पेन खाली ठेवलं, आणि मग पट्टीनं रेघ पुढे ओढली.

त्यानंतर जे सुरू झालं ते खोटंच होतं. पट्टा मी केव्हाच सोडला होता, पण रविवारी गाडीत बसल्यावर तो साडीवरून बांधायची. नवरा गाडी चालवत असायचा. तो रस्त्याकडे बघायचा. एकदाच त्यानं विचारलं, “आता बरं आहे ना तुझं?” मी म्हटलं, “बरं म्हणजे काय, जपूनच राहावं लागतं.” त्यानं पुन्हा विचारलं नाही. आई त्याची होती, पण सोय दोघांची होती.

सत्तर किलो झाले तेव्हा सर मागे लागले. पन्नाशीच्या वरच्या बायकांसाठी स्पर्धेत वेगळा गट असतो, उतराच. स्पर्धा म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात. मी तोंड पाडून म्हटलं, “आमच्या सासरी नाही चालत, सर. जुन्या वळणाचे लोक आहेत.” सरांना माझी कीव आली. ‘अजूनही बायकांना किती सहन करावं लागतं’ असं काहीतरी म्हणाले. आमच्या सासरचे लोक असे की मला पदक मिळालं असतं तर दिराने गावात डीजे लावला असता. त्या माणसांना मी बदनाम केलं आणि वर सहानुभूती घेऊन आले.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी जावेनं मला आत बोलावलं. दाराला कडी लावली. मला वाटलं दिराची काही तक्रार असेल. ती बराच वेळ पदराशी चाळा करत होती.

“ताई, कोन्हले सांगू नका. मन्हं अंग बाहेर येस.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, गर्भपिशवी खाली उतरली होती. “कवयपाईन?” मी विचारलं.

“दीड वरीस व्हई गयं. मायले उचलं का जास्ती येस. मंग मी निजीसन आत लोटी देस, नि परत कामले लागस.”

ती हे दूध नासल्याचं सांगावं तशा आवाजात सांगत होती. मी पट्टा बांधून तिच्यासमोर उभी होते. त्या महिन्यात माझी रेघ पंच्याऐंशीला पोचली होती. मी तिला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणीही आलं, पण तोंडातून खरं काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भपिशवी काढावी लागेल, आणि पुढे पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, असं त्यांनी सांगितलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर जावेनं स्वतःच्या ऑपरेशनबद्दल एक शब्द विचारला नाही.

“आते मायनं कसं व्हई?” ती म्हणाली. “तुमना तर मणका असा. तुम्ही कसं करशात?”

सासूबाईंना आम्ही शहाद्याला आणलं. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर माझ्यावर नुसता फुलांचा पाऊस. ‘एवढा मणक्याचा त्रास असूनही.’ ‘अशी मोठी सून नशिबानं मिळते.’ नणंदेनं तर मोठा परिच्छेदच लिहिला. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, ‘हे तर आपलं कर्तव्यच.’ ते वाक्य मी अजून पुसलेलं नाही. आता पुसून उपयोग काय?

आणि उचलायची वेळ आली तेव्हा मला ते जमलं नाही. मी खाटेपाशी पाय रोवून उभी राहिले, पाठ सरळ, श्वास पोटात, आणि सासूबाईंना काखेत धरून उचललं. वजन काहीच नव्हतं. पण त्या किंचाळल्या. चांगल्या हातानं चादर अशी पकडली की चादरीसकट वर आल्या, आणि भीतीनं त्यांना माझ्या पायावरच झालं. मी त्यांना तसंच खाली ठेवलं. दांडी घाबरत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी जावेला फोन लावला. ऑपरेशनला चार दिवस झाले होते, ती खाटेवर पडून होती.

“पहिले मायले सांगा, ताई,” ती म्हणाली. “‘माय, आते उचलस’ असं म्हना. मंग तिना डावा हात तुमना गयामा टाका. ती श्वास लेस, तवय उचला.” मग थांबून म्हणाली, “नि तुमनी कंबर सांभाया.”

मी तसं केलं. सासूबाई शहाण्या मुलीसारख्या माझ्या गळ्यात आल्या. नंतर त्यांना धुतलं, पुसलं, चादर बदलली. जी किळस पाच वर्षं टाळत आले होते ती अर्ध्या तासात उरकली. एवढ्याशाच कामासाठी मी एका बाईचं शरीर मोडू दिलं होतं. बाथरूममध्ये जाऊन मी रडले, पण त्या रडण्याचीही मला लाज वाटली, कारण ते फुकटचं होतं.

पुढच्या रविवारी नवऱ्याला आईपाशी बसवलं आणि बसनं एकटी गावी गेले. पट्टा घरी ठेवला. पर्समध्ये वही होती. शेजारणीनं आम्हा दोघींना चहा करून दिला आणि ती गेली. चहा संपेपर्यंत मी पावसाचं, कापसाचं बोलत बसले. मग म्हटलं, “मन्ही कंबर दुखत नई. दोन वरीस व्हई गयात.”

तिचा चेहरा एकदम उजळला. “बरं व्हयनं, ताई! देवच पावना.”

तिथंच थांबता आलं असतं. बाई बरी झाली, देव पावला, विषय संपला. तिच्या त्या आनंदाकडे बघून मला अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. मी वही काढली आणि तिच्या पांघरुणावर उघडी ठेवली. जिम, दांडी, तारखा, सगळं सांगितलं. ती चौथी शिकलेली. अक्षरं तिला सावकाश वाचावी लागतात, पण आकडे चटकन कळतात. तिनं पानं उलटली. आलेखावरची रेघ बोटानं खालून वरपर्यंत नेली आणि टोकाशी बोट ठेवलं.

“हाई कितलं?”

“पंच्याऐंशी किलो.”

“नि माय कितली शे?”

“एक्केचाळीस.”

ती छताकडे बघत राहिली. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर डोकं ठेवलं असतं, आणि तेवढ्यावर माझी सुटका झाली असती.

“मी दवाखानामा त्रेचाळीस भरनू,” ती म्हणाली. “मंग आम्हले दोन्हीसले एकदम उचली लेतात तुम्ही.”

तिनं वही मिटली, माझ्याकडे सरकवली आणि कूस बदलायचा प्रयत्न करून कळ आली म्हणून थांबली. मी तिथून हलायला निमित्त हवं म्हणून चहाचे दोन रिकामे कप उचलायला उठले. आणि उठताना, काही दुखत नसताना, माझा डावा हात आपोआप कमरेवर गेला. तिनं तो पाहिला.

“हळू, ताई,” ती म्हणाली.

सवयीनंच म्हणाली. टोमणा असता तर मी सोसला असता.