पिवळी चिंधी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, तीस वर्षं झाली. माणूस तसा मुखदुर्बळ. पण एकदा कंपनीच्या ग्रुपवर विचारलं, "झिजलेला दोर कधी बदलणार?" तासाभरात साहेबांनी ग्रुपमधूनच काढलं.

मग यांनी स्वतःचा ग्रुप काढला, साठेक लिफ्टवाल्यांचा. नियम एकच: दिसलेली चूक फोटोसकट टाकायची आणि कुणाचाही मेसेज पुसायचा नाही. लोक वाट्टेल ते बोलायचे. मी म्हणायची, "अहो, ग्रुप आहे की मासळीबाजार?"

"बोलू दे गं. तोंड दाबलं की माणूस चूकही दाबतो."

परवा दुपारी जेवताना फोन वाजला. ग्रुपातल्या एकुलत्या एक मेकॅनिक बाईने फोटो टाकला होता. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून एक स्विच असतो. तपासणीपुरती तिथे तार जोडून तो निकामी करतात आणि निघताना तार काढतात. इथे ती तशीच राहिलेली. दार उघडं आणि लिफ्ट चालू! नशीब, बाईने वेळेवर काढली. खाली शिव्यांची लाखोली: "कोण हा गाढव?"

तारेला पिवळी चिंधी होती. माझ्या जुन्या गाऊनची. विसरू नये म्हणून मीच यांच्या तारांना बांधून देते. यांचा घास हातातच राहिला.

माझं डोकं सणकलं. "पुसून टाका तो फोटो. अॅडमिन आहात ना? तीस वर्षांचं नाव मातीत घालणार? चिंधी कुणाची, ते आपल्या दोघांनाच माहीत."

"साहेबांनीही असंच एक बटण दाबलं होतं," हे म्हणाले. हात धुऊन आले आणि एका बोटाने लिहिलं, "तार माझी. मी विसरलो."

झालं. जो तो आपापली शिवी पुसायला लागला. बाईने तर फोटोच काढून टाकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? यांनी मात्र लिहिलं, "पुसलंत ते परत टाका. माझ्यासाठी नियम वेगळा नाही."

दोन दिवस ग्रुप चिडीचूप. यांना जेवण जाईना. "आता हे लोक मलाही साहेबासारखे घाबरायला लागले," म्हणाले.

आज सकाळी फोटो परत आला. खाली बाईने लिहिलं होतं, "काका, चूक तुमचीच. आणि चिंधी बोटभर, अंधारात दिसणार कशी? हातभर बांधा."

ही कोण मला शिकवणारी! पण हे दोन दिवसांनी हसले. मी कपाटातून उरलेला गाऊन काढला आणि फाडायला बसले.