चपलांना ताप येत नाही

चपला मोजायच्या का, हे मी विचारलं होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मुरबाडच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी सुट्टीतसुद्धा घरी बोलावून शिकवलं, म्हणून संख्याशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचलो. ते ऋण मी आजही मानतो. त्या पदवीवर मुंबईच्या एका सल्लागार संस्थेत नोकरी लागली. मुरबाडला एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथली गर्दी कशी हटवायची, हे संस्था संगणकावर शोधून देणार होती. रोगी कधी येतात, केसपेपरच्या खिडकीशी किती थांबतात, डॉक्टर किती वेळ तपासतात, हे आकडे भरले की पडद्यावर नकली दवाखाना चालू व्हायचा. रोगी म्हणजे हिरवे ठिपके. एखादी खिडकी बंद केली तर काय होईल, ते ठिपके आधीच दाखवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो.

आमचे साहेब परदेशात शिकलेले होते. ही गोष्ट ते चहावाल्यालाही सांगत. गाडीत बाटलीबंद पाण्याचा खोका, दवाखान्यात शिरताना नाकाला रुमाल. रोग्यांचं दुःख त्यांना पडद्यावर फार छान कळायचं. समोर रोगी आला की ते बाजूला सरकत.

वैशाखरे गावाकडची पहिली एसटी साडेसातला येई, केसपेपरच्या दोन खिडक्या नऊला उघडत. गाडीतून उतरलेली माणसं खिडक्यांसमोर आपापली चप्पल ठेवत आणि चिंचेखाली जाऊन बसत. नंबर लागला. कुणाची पिशवी असे, अनवाणी आलेल्याचा दगड. दुसऱ्याची चप्पल सरकवली म्हणून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही, कारण कुणी सरकवतच नसे. मी स्वतः लहानपणी आईबरोबर असाच नंबर लावलेला.

आमच्या मोजणीच्या फॉर्मवर रकाना होता : रांगेत उभ्या असलेल्या व्यक्ती.

"सर, चपला धरायच्या का?"

"का रे? चपलांना ताप येतो?"

सोबतचे दोघे हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की साहेबांपेक्षा मला माझीच जास्त किळस येते. कारण त्या रांगेत मागून चौथी चप्पल माझ्या आत्याची होती. अंगठा तुटलेला, निळ्या दोरीने बांधलेला. तिला साखरेचा आजार, पायाला जखम. पट्टी बदलायला आठवड्यातून दोनदा यावं लागे. परतीची गाडी एक वाजता. ती चुकली की थेट संध्याकाळी.

मी रकान्यात लिहिलं : तीन.

महिनाभर आम्ही असंच मोजलं. ठिपके पडद्यावर मोकळे हिंडले आणि दुसरी खिडकी फुकट चालते असा निष्कर्ष निघाला. साहेबांनी गुळगुळीत कागदावर अहवाल दिला. ट्रस्टने खिडकी बंद करून तिथला कारकून शहापूरच्या दवाखान्यात पाठवला. पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले.

रांग आता एकच्या आत संपेना. आत्याची गाडी चुकू लागली. दोनदाची पट्टी एकदावर आली, मग तीही राहिली. पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेपर्यंत पायाचा अंगठा काळा पडला. कल्याणला नेऊन तो कापावा लागला.

भेटायला गेलो तेव्हा ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती.

"दोन खिडक्या व्हत्या तवा येकच्या गाडीनं घरी यायची मी. कुना शान्यानं बंद केली रे?"

"कॉम्प्युटरनं."

"त्याला चपला दिसल्या नाय?"

"मी भरल्या नाहीत त्यात."

"माजी व्हती की तितं. तू तर वळखतोस."

"ओळखली होती, आत्या."

ती "मंग?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच मुरबाडला गेलो. रोज सकाळी चपला, पिशव्या, दगड, सगळं मोजलं आणि त्याच संगणकात भरलं. एका खिडकीसमोर ठिपके लाल होऊन दाटले, एक वाजून गेला तरी हलेनात. यंत्र बिचारं प्रामाणिक होतं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग! पण अहवाल सबमिट झालाय." पुढच्या परिषदेत मात्र त्यांनी आमच्या चपलांचा फोटो लावला, त्यांना एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आणि हा शोध त्यांना 'फील्डवर' लागल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

तो लाल ठिपक्यांचा कागद घेऊन मी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तो नीट वाचला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं." ट्रस्टशी भांडून त्यांनी पावसाळ्यानंतर दुसरी खिडकी पुन्हा उघडून घेतली. मी ती नोकरी सोडली. साहेबांना ते कळायला आठवडा लागला.

आत्या पुन्हा एकच्या गाडीने घरी जाऊ लागली. अंगठ्यावाचून त्या पायात चप्पल टिकत नाही, म्हणून चपला सोडून पायाला फडकं गुंडाळून येते. रांगेत आता ती दगड ठेवते.